ठरल्याशिवाय चहा नाही

इचलकरंजीहून रात्री निघालेली गाडी अंधेरीला हायवेवरच उतरवते. क्लीनरनं डिकीतून बॅग काढून फुटपाथवर ठेवली, दार लागलं आणि गाडी बोरिवलीकडे निघून गेली. उजाडत होतं. डोक्यावर पूल आणि समोर काचेच्या इमारती. खाली फुटपाथवर एक माणूस बादलीतल्या पाण्यानं रिक्षा धूत होता. मी त्याला चकाल्याचा भाव विचारला.

"मीटरनं होईल तेवढं, काका."

"मीटर नको, आकडा सांग."

"अहो, इथं भाव करत नाहीत." तो हसला. "मीटरच्या पुढं मी जाणार नाही, मागं तुम्ही येऊ नका."

मी बसलो, पण मन खट्टू झालं. ज्या गावात घासाघीस करता येत नाही तिथं माणसाशी बोलायचं तरी कशावरून? आपल्याकडे भाव करता करता निम्मी ओळख होऊन जाते.

मी कशासाठी गेलो होतो हे संघाच्या सभासदांना माहीत आहे. हा अंक ज्यांच्या हाती पहिल्यांदाच आला असेल त्यांच्यासाठी सांगतो. मुंबईतली अभियंत्यांची एक मोठी संस्था आणि आपला पंप-मोटर दुरुस्ती संघ यांच्यात सामंजस्य करार व्हायचा होता. विषय होता मालमत्ता व्यवस्थापन. मुंबईत सगळे त्याला ॲसेट मॅनेजमेंट म्हणतात. शब्द जड असला तरी गोष्ट साधी आहे. यंत्र बसवलं त्या दिवसापासून ते भंगारात जाईपर्यंत त्याचं काय करायचं, बेअरिंग कधी बदलायचं आणि नव्या यंत्राची तजवीज कधीपासून करायची, हे सगळं आधी ठरवून ठेवायचं. बंद पडल्यावर धावाधाव करायची नाही. हे काम करणाऱ्यांना दोन्ही संस्थांनी मिळून शिकवायचं, परीक्षा घ्यायची आणि प्रमाणपत्र द्यायचं, असा बेत होता.

गाठ होती ती संयुक्त समितीत. परीक्षा कशी घ्यायची आणि परीक्षेला कोण बसू शकेल हे समिती ठरवणार. आलेल्या मसुद्यात आपले दोन प्रतिनिधी 'निमंत्रित' होते. म्हणजे बसा, ऐका, पण मत देऊ नका. मत नसेल तर काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पहिल्याच बैठकीत डिप्लोमाची अट घालतील. मग ज्याच्या हाताला कॉइलचा वळसा पाठ आहे पण जो दहावीला अडला, असा आपला वाइंडर (मोटरीत तार भरणारा) बाहेर. पुढे प्रमाणपत्र नाही म्हणून गिरण्या त्याला दारातूनच परत पाठवणार. मला मत आणायचं होतं. दुसरं काही नको होतं.

आणखी एक गोष्ट होती, ती माझी खाजगी. बऱ्याच वर्षांपूर्वी याच संस्थेच्या मेळाव्याला मी अंधेरीत आलो होतो. रीतसर आमंत्रण होतं. दारावरच्या पोरसवदा स्वयंसेवकानं माझ्या नखांतलं ग्रीस पाहिलं, आमंत्रण न बघता ड्रायव्हरांच्या जेवणाचं कूपन हातात दिलं आणि मागचा मांडव दाखवला. ड्रायव्हर लोकांच्या पंगतीत बसायला मला कमीपणा नाही, मी स्वतः टेम्पो चालवलाय. पण मी कोण हे त्यांनी मला न विचारता ठरवलं. मी मागं बसून पुरी-भाजी खात होतो, तेव्हा आत लोक ताटं हातात घेऊन मोटरींची बोलणी करत होते. सौदे सगळे तिथंच झाले. जेवू घालून माणसाला बाहेर ठेवता येतं, हे मी त्या दिवशी शिकलो. ते मी विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

चकाल्यात गल्लीच्या तोंडाशी एक लॉज मिळालं. खोलीची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत होती, हाताच्या अंतरावर. मी अंघोळ केली, कपडे बदलले आणि सवयीनं फोन काढला. पोचलो म्हणून सांगायला. मग आठवलं की घरी उचलणारं कोणी नाही. बायको, मालती, गेल्यापासून हे दरवेळी होतं. दुकानात फोन लावला. आपला फोरमन म्हणाला, "बरं मालक. ती तीन हॉर्सपॉवरची मोटर मात्र अजून आवाज करतीय." मी काय ते सांगितलं आणि त्यानं फोन ठेवला.

खाली एक बाई मोठ्या डब्यातून पोहे विकत होत्या. ऑफिसला जाणारे उभ्या उभ्या खात होते, डोळे मोबाईलवर. मी लिंबू जास्त मागितलं.

"गावाहून आलात ना?" त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"इथले मागत नाहीत. देईन ते खातात नि पळतात." त्यांनी लिंबाची फोड माझ्या पोह्यांवर स्वतः पिळली. सकाळचं माझ्याशी झालेलं सगळ्यात लांब बोलणं हेच.

दुपारी संस्थेच्या कार्यालयात गेलो. एमआयडीसीतल्या एका इमारतीत सहावा मजला. गार हवा, काचेचं टेबल. मसुदा ज्यांनी केला होता त्या परब मॅडम समोर आल्या. चाळिशीच्या, केस आखूड, बोलणं तडक. हात जोडले न जोडले तोच म्हणाल्या, "मानेकाका ना? या या. मला वाटलं तुम्ही फोटोतल्यासारखे रागीट असाल."

"फोटोत मी हसतोय."

"अरे देवा!" त्या खळखळून हसल्या. "मग वाट लागली माझी."

चहा आला, बिस्किटं आली. मी कप बाजूला सरकवला.

आपल्या जुन्या मोटरींच्या बाजारातली रीत मुंबईत कोणाला ठाऊक असणार? घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या घरचं काही तोंडात घालायचं नाही, सौदा ठरेपर्यंत. चहा प्याला की जीभ बांधली जाते. ज्याचा चहा प्यालो त्याला 'तुझी मोटर जळालेली आहे' असं तोंडावर कसं म्हणणार? मी ही रीत आयुष्यभर पाळली आणि तिनं मला कधी बुडवलं नाही. या संस्थेच्या बाबतीत तर ती पाळायला मला दुप्पट कारण होतं.

"उपास आहे का?" मॅडमनी विचारलं.

"नाही. नंतर घेतो."

मग आम्ही बोललो. मी म्हणालो, मत हवं. त्या म्हणाल्या, नियमात बसत नाही. मी म्हणालो, नियम कोणी केले? त्या म्हणाल्या, आमच्या आधीच्या लोकांनी. मी म्हणालो, म्हणजे माझ्या हाती कूपन देणाऱ्यांनी. त्यांना कळलं नाही आणि मी सांगितलंही नाही. माझा आवाज चढला तेव्हा काचेपलीकडची माणसं वळून पाहू लागली. मॅडमचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, "काका, कार्यकारिणीनं मसुदा ठरवायचे सगळे अधिकार मला दिलेत. उद्या संध्याकाळी मुलुंडला सह्या आहेत. तुम्हाला पटवायला माझ्याकडे उद्याची दुपार आहे. आणि मला जिल्ह्यात पोचायचंय, ते तुमच्याशिवाय होणार नाही, हे मी लपवत नाही. ओके?"

एवढं उघड बोलणारा माणूस समोर आला की मला अवघड जातं. पत्ते उघडे टाकणाऱ्याशी खेळायचं कसं? चहावर साय धरली होती. मी उठलो.

संध्याकाळी कुठं जायचं म्हणून जोगेश्वरीची लेणी पाहून आलो. घरांच्या दाटीतून पायऱ्या थेट जमिनीत उतरतात. आत अंधार, ओल आणि देवीपुढं एक दिवा. खांब झिजून गेलेत. एक पुजारी आणि मी, बस्स. एवढा डोंगर कोरणाऱ्यांना पुढच्यांनी तो कसा राखायचा हे कोणी सांगून ठेवलं असेल का, असा विचार मनात आला. बोलायला शेजारी कोणी असतं तर बोललो असतो. मालतीला अशा जागा आवडायच्या. ती प्रत्येक खांबाला हात लावून बघायची.

दुसऱ्या दिवशी रविवार. मॅडमनी घाटकोपरची एक सोसायटी दाखवायचं कबूल केलं होतं, म्हणून पोहेवाल्या बाई यायच्या आधीच निघालो. पोट रिकामंच होतं. चकाल्याहून मेट्रोनं घाटकोपर. असल्फ्याजवळ रूळ टेकडीला लागून जातात. टेकडीवर घरावर घर चढलेलं, भिंतींना निळे-पिवळे रंग आणि प्रत्येक छपरावर पाण्याची काळी टाकी. टाकी दिसली की मी पंप शोधतो, ही खोड काही जात नाही. कुठल्या पंपानं पाणी एवढं वर चढत असेल, त्याला कोण बघत असेल, असं मनाशी करत होतो, तोवर उतरायची वेळ झाली.

सोसायटीचे अध्यक्ष एक गुजराती शेठ होते. ते आम्हाला तळघरात घेऊन गेले. खरं सांगतो, मी खोट काढायच्या तयारीनं गेलो होतो. आपण म्हणतो ना, ताजा रंग मारलेली मोटर घेऊ नये. इथं रंग जुनाच होता, पण खाली तेलाचा थेंब नव्हता. मोटरीला हात लावला. ऊब असावी तेवढीच होती. प्रत्येक पंपावर शेवटचं काम कधी झालं आणि पुढचं कधी, याची पत्र्याची पट्टी होती. शेठ अभिमानानं म्हणाले, "पहिले बंद पडे तब भागते थे. मॅडमने सिखाया, अब पहिलेसे पता रहता है." मला आवडलं. शत्रूचं काम चांगलं निघालं की राग ठेवायला जागा कमी पडते.

वर कार्यालयात नाश्ता मांडला होता. फाफडा, जिलबी आणि एका झाकल्या ताटलीत साबुदाण्याची खिचडी.

"ही तुमच्यासाठी," मॅडम म्हणाल्या. "काल काही घेतलं नाहीत ना. बोलत नाही, पण उपास असणार, मी ओळखलं."

खिचडी मोकळी झाली होती, दाण्याचं कूट मनापासून घातलेलं. भुकेनं माझ्या पोटात कळ आली. मी नको म्हणालो. शेठनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी खिडकीबाहेर. त्यांनी मग स्वतःही काही घेतलं नाही.

तिथून त्यांच्या गाडीनं मुलुंडला त्यांच्या घरी. "बाबा वाट बघतायत. रविवारी मासे असतात. जेवू, मग बसू निवांत," असं त्या म्हणाल्या. मी हो-नाही काही बोललो नाही. मुलुंडचे रस्ते सरळ, दुतर्फा झाडं, मागं डोंगर. रविवार असल्यानं लोक पिशव्या घेऊन सावकाश चालले होते. त्यातला प्रत्येक जण कुणाच्या तरी घरी जेवायला निघाला आहे असं मला वाटत होतं.

मॅडमचे वडील म्हणजे दाजी परब. वेंगुर्ल्याकडचे. सगळी उमर गिरणीत साचेखात्यात (मागांच्या विभागात) गेली. बारीक अंगाचे, पांढरा सदरा. मी इचलकरंजीचा कळल्यावर त्यांनी माझा हात धरून ठेवला. आमच्याकडे आता कसले माग चालतात, धोटा अजून आहे का, मोटर एकेका मागाला की सामायिक, हे सगळं विचारून घेतलं. दोन दिवसांत पहिल्यांदा मी पोटभर बोललो. मग ताटं आली. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. तिरफळांचा वास घरभर.

"बसा," दाजी म्हणाले. "जेवल्याशिवाय हयसून कोण जावक नाय आजपर्यंत." (इथून आजवर कोणी जेवल्याशिवाय गेलेलं नाही.)

मी बसलो, पण ताटाला हात लावला नाही. आणि मग आमची रीत सांगितली. आधी ठरू दे, मग जेवतो.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "म्हणजे चहा, खिचडी... काका, काय हे! मी काल घरी येऊन सांगितलं की बिचाऱ्यांचा कडक उपास दिसतोय."

"उपास नाही. मत हवंय."

दाजींनी आपलं ताट शांतपणे पुढं सरकवलं. "पावणो उपाशी बसलो आनी मी जेवतंय? ह्या आमच्यात नाय."

"बाबा, तुम्ही डायबेटिसची गोळी घेतलीय, साखर उतरेल. जेवा आधी."

"नाय."

"बाबा!"

"तू तुझा काम कर गो. माझ्या ताटाचा माका बघूदे."

त्यांच्या रीतीप्रमाणं यजमान पाहुण्याआधी जेवत नाही. माझ्या रीतीप्रमाणं पाहुणा सौद्याआधी जेवत नाही. दोन्ही रीती ताटावर समोरासमोर बसल्या होत्या आणि बांगडे गार होत होते. मॅडम माझ्याकडे वळल्या. "काका, जेवा ना. प्लीज. नंतर बोलू, मी कुठं पळून जातेय?"

मी दाजींकडे पाहिलं. त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर किंचित थरथरत होती. मी आयुष्यभर सौदे केलेत. समोरच्याला घाई कशाची आहे हे मला दिसतं, डोळे मिटले तरी दिसतं.

"मत," मी म्हणालो.

"तुम्ही असं कराल?"

"मी काही करत नाही. मी फक्त उपाशी बसलोय."

त्यांचा चेहरा लाल झाला. "एक मत. घ्या."

"दोन माणसं, दोन मतं."

"एक मत आणि परीक्षा मराठीतून."

"दोन मतं. परीक्षा मराठीतून आणि यंत्रासमोर, हातानं. कागदावर नाही."

"काका, बाबांना घाम आलाय."

आला होता. कपाळावर, केसांच्या रेषेत. मी तो पाहिला आणि तरी बोललो नाही. आकडा सांगून झाला की जो पहिला बोलतो तो हरतो.

"दिली!" मॅडमनी पाण्याचा पेला आपटला. "दोन मतं, मराठी, यंत्रासमोर. सगळं दिलं. जेवा आता."

मी पहिला घास घेतला. मग दाजींनी. मॅडम उठून आत गेल्या, त्यांचं ताट तसंच राहिलं. रश्श्यावर तेलाची साय आली होती, तरी तसा बांगडा मी कधी खाल्ला नव्हता. हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं. पण त्या टेबलावर मी चव सांगावी अशी वेळ राहिली नव्हती.

जेवण झाल्यावर आत मॅडम मसुदा दुरुस्त करत होत्या, की-बोर्डचा खडखडाट ऐकू येत होता. दाजींच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. मी आणि ते गॅलरीत बसलो. समोर डोंगर उन्हात. त्याच्या पलीकडे बोरिवली, असं त्यांनी हात करून दाखवलं. मग तोच हात मांडीवर ठेवून म्हणाले, "माका सगळा कळला हा. (मला सगळं कळलंय.) मिलमधे आमी पन उपाशी रवान मागण्या मान्य करून घेतलंव."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"पन आमी सोता उपाशी रवलंव. दुसऱ्याक ठेवक नाय."

"मीही उपाशीच होतो, दाजी."

"व्हतास," ते म्हणाले. "म्हणानच डबो दितंय." आणि आतून त्यांनी स्टीलचा डबा आणून माझ्या हातात ठेवला. घावणे (तांदळाची जाळीदार धिरडी) आणि लसणाची सुकी चटणी, गाडीत खायला.

सह्या संध्याकाळी मुलुंडच्या एका सभागृहात झाल्या. फुलं, बॅनर, दोन्ही संस्थांची नावं एकाच आकाराच्या अक्षरांत. मसुदा मी ओळ न् ओळ वाचला. मॅडमनी शब्द पाळला होता, एक स्वल्पविराम कमी नव्हता. भाषणात त्या म्हणाल्या, "माननीय श्री. माने यांच्या आग्रहामुळे..." फोटो काढताना म्हणाल्या, "मानेसाहेब, थोडं डावीकडे." काल दुपारपासून कानाला काकाची सवय झाली होती.

त्यानंतर जेवण होतं. आता मला खायला काही आडकाठी नव्हती, सौदा झाला होता. मी ताट घेतलं आणि आतल्या दालनात, मधोमध उभा राहिलो. अंधेरीत त्या वेळी जिथं मला उभं राहू दिलं नव्हतं, तशाच जागी. लोक ताटं हातात घेऊन बोलत होते. दोघातिघांनी मान हलवून माझं अभिनंदन केलं आणि ते आपापल्या घोळक्याकडे वळले. मी उभ्यानं पुलाव खाल्ला. दारावरच्या मुलीकडे मी मुद्दाम पाहिलं. ती सगळ्यांना सारखंच हसून आत सोडत होती. माझं भांडण ज्यांच्याशी होतं त्यातला एकही तिथं नव्हता.

ऐरोलीच्या रस्त्यावर गाडी पकडली. डबा मांडीवर घेतला, पण उघडला नाही. घरी येऊन कुलूप काढलं, ओट्यावर डबा ठेवला, चहा केला आणि घावणे खाल्ले. गार होते, पण मऊ होते.

आता हिशेब सांगतो. दोन मतं आणली आहेत. परीक्षा मराठीतून, यंत्रासमोर. दहावीची किंवा डिप्लोमाची अट आता आपल्या मतांशिवाय कोणी घालू शकणार नाही. ही मतं कशी मिळाली ते मी वर लिहिलंय, लपवलेलं नाही. पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच करीन, असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही.

संयुक्त समितीची पहिली बैठक आपल्याकडे, संघाच्या सभागृहात आहे. मी परब मॅडमना निरोप पाठवला की मुक्काम माझ्या घरी करा, जेवणाची सोय उत्तम ठेवतो, पांढरा रस्सा आमच्याकडचाच खाऊन बघा. उत्तर लगेच आलं. "मानेसाहेब, धन्यवाद. मुक्काम लॉजवर. चहा-जेवणाची तसदी घेऊ नये. बैठकीत सगळं ठरेपर्यंत मी काही घेणार नाही."

रीत माझीच आहे. तक्रार कोणाकडे करू?

डबा घासून पालथा ठेवलाय. कोणाच्या घरचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हे मालतीनं मला शिकवलं होतं, पण भरायचं काय ते नेहमी तीच ठरवायची. दाजींना साखर चालत नाही. भडंग त्यांच्या दातांना झेपेल का, माहीत नाही. ज्या सभासदांच्या घरी कोणी जाणतं माणूस असेल त्यांनी विचारून मला कळवावं. बैठक संपल्यावर, सगळं ठरल्यानंतर, तो डबा मॅडमच्या हातात द्यायचा आहे.